एकोणीस जणांची सुईण

उक्काठा फोयाज घरोघरी फिरत सेनुआराच्या दारात आला, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. उक्काठा म्हणजे बर्मी सरकारनं नेमलेला गावप्रमुख. केवराफार गावात पोलीस यायचे ते त्याच्या घरी, सैनिक यायचे तेही त्याच्याच घरी, आणि ते जे सांगून जातील ते गावाच्या कानावर घालायचं काम त्याचं. तो आत आला नाही. दाराशी उकिडवा बसला आणि लुंगीचा सोगा पायात खोचत इकडंतिकडं बघत राहिला.

"बुबू, गुरुवारी बाहेरच्या देशांची माणसं येणार आहेत," तो म्हणाला. "शाळेत बसतील. पाच बायका पाहिजेत. तुझं नाव दिलंय."

"माझं कशाला दिलंस?"

"सुईण आहेस. गाव तुला मानतं. तू जे बोलशील तेच बाकीच्या चौघी बोलतील." त्यानं पानाची पिंक बाजूला टाकली. "जास्त काही नाही सांगायचं. घरं चुलीच्या विस्तवानं पेटली. गावातली माणसं भिऊन नदीपलीकडं पळाली. आणि जे मेले ते बाहेरचे होते, आपल्या ओळखीचे नव्हते. एवढं बोलायचं आणि उठायचं."

सेनुआरा, गावाची बुबू म्हणजे थोरली बहीण, सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुझा पुतण्याही पळाला का रे?"

फोयाजनं सोगा पुन्हा खोचला. मग म्हणाला, "हो. तोही पळाला."

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सीमेवरच्या तीन पोलीस चौक्यांवर कुणीतरी हल्ला केला, आणि चौथ्या दिवशी सैन्य केवराफारात शिरलं. बायकापोरांना मशिदीच्या अंगणात बसवलं, माना खाली घालायला लावल्या. पुरुषांना शाळेमागच्या भातशेतात नेलं. गोळ्यांचे आवाज थांबले तेव्हा पुरुषांपैकी निम्मेअधिक परत आले आणि एकोणीस जण आले नाहीत. त्यांना ट्रकमध्ये घालून कुठं नेलं ते कुणाला कळलं नाही. जाता जाता बारा घरं जाळली. त्या एकोणीस जणांत सेनुआराचा चोवीस वर्षांचा मुलगा हारेस होता.

आठवड्यानं सैनिक कुटुंबांच्या याद्या घेऊन आले. दरवर्षी यायचे तसेच, प्रत्येक घरच्यांना दारासमोर पाटी धरून उभं करायचे आणि फोटो काढायचे. हारेसच्या नावावर त्यांनी लाल रेघ मारली आणि पुढं लिहिलं, पळून गेला. सेनुआराची सून तस्मीन आठ महिन्यांची गरोदर होती. तिनं तोंड उघडलं, "तो पळाला नाही," तर सैनिकानं बंदुकीच्या नळीनं तिच्या पोटाला हळूच टोचलं आणि हसला. तेव्हापासून तस्मीन घराबाहेर पडलेली नव्हती. बाहेर कुणाचा पाय वाजला की ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

फोयाज गेल्यावर तिनंच विचारलं, "आम्मा, तुम्ही काय बोलणार?"

"तो सांगतो तेच."

"नक्की?"

"तुझ्या पोटात काय आहे ते मला कळत नाही का? नक्की."

आणि सेनुआरानं ते मनापासून ठरवलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती या गावात बाळंतपणं करत होती. जीव वाचवायचा तर कधी कधी गप्प बसावं लागतं, हे तिला शिकवायला कुणी नको होतं.

गुरुवारी चार पांढऱ्या गाड्या आल्या. त्यांच्या पुढं पोलिसांचा एक ट्रक आणि मागं एक. पाच बायकांना शाळेच्या वर्गात चटईवर बसवलं. समोर बाकांवर सहा-सात परके बसले. मध्ये पिकल्या केसांची एक गोरी बाई, तिच्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला दुभाषा. हा दुभाषा शहरातून पोलिसांच्याच ट्रकमधून आला होता. सगळ्यात मागं, खिडकीपाशी, एक सावळा माणूस वही उघडून बसला होता. तो कुणाशी बोलला नाही. दाराला टेकून पोलिसांचा मोठा अधिकारी उभा होता.

सेनुआराच्या तळव्यांना घाम सुटला होता. ती ओढणीला हात पुसायची आणि ते पुन्हा ओले व्हायचे. बाजूला बसलेली जमिला चटईच्या काड्या उपटत होती.

पहिल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, चुलीनं पेटलं. दुसरीही म्हणाली, चुलीनं. तिसरी नुसतीच रडली, आणि तिच्या रडण्याचं दुभाष्यानं काय केलं कुणास ठाऊक, पण गोऱ्या बाईनं मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

मग अधिकारी बोलला. बर्मी भाषेत. चौक्याचौक्यांवर उभं राहून सेनुआराला ती भाषा कळायची तेवढी कळायची. तो म्हणाला, "त्या दिवशी एकोणीस दहशतवादी मारले गेले. सीमेपलीकडून आले होते. या गावात त्यांना कुणी ओळखत नाही. आणि गावातले जे एकोणीस जण दिसत नाहीत ते पळाले आहेत. त्यांची नोंद आहे."

सेनुआरानं मान वर केली. एकोणीस मेले आणि एकोणीस पळाले. हा माणूस हे दोन्ही एका दमात म्हणाला आणि खोलीत कुणाला काही वाटलं नाही.

गोऱ्या बाईनं विचारलं. दुभाष्यानं ते सेनुआराला सांगितलं, "चाची, मेलेल्यांना तुम्ही ओळखत होता का?"

तिला बोलायचं होतं ते एवढंच, "नाही." जिभेवर आलेलंही होतं. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळेमागचं शेत तिथून दिसत होतं. पीक कापणीला आलेलं, पण कुणी कापलं नव्हतं, आडवं झोपलं होतं.

"साहेब म्हणतात ते बाहेरून आले," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ते कुठून आले ते मी सांगते. सलीमुल्ला, या जमिलाच्या पोटातून आला. पायाळू होता, आधी पाय दिसले. सकाळी कळा लागल्या, दिवेलागणीला ही मोकळी झाली. केफायत, त्याच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, निळा पडला होता, मी तोंडानं फुंकर घातली तेव्हा रडला. मोठं वादळ आलं त्या साली रोशनला जुळी झाली, घराचं छप्पर उडालेलं, आम्ही तिच्यावर चटई धरून उभ्या होतो. धाकटा चार दिवसांत गेला. थोरला अब्दुस शुक्कूर. तो सोळा वर्षांचा झाला होता."

जमिलानं तिचा हात घट्ट धरला. थांब म्हणून धरला की बोल म्हणून, ते सेनुआराला कळलं नाही. ती बोलत राहिली. एकेक नाव, आईचं नाव, कुठल्या घरात, कुठल्या साली. थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, असं तिला वाटत होतं.

मध्येच तिनं दुभाष्याकडं पाहिलं. ती इतकं बोलली होती आणि तो पोरगा गोऱ्या बाईला फक्त तीन-चार शब्द बोलला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "चाची, पुरे करा. एवढं कशाला? मलाही घर आहे."

"तुला घर आहे ते बरं आहे, बाबा," सेनुआरा म्हणाली. तिनं सगळं पणाला लावलं होतं, आणि ऐकत कुणीच नव्हतं. गोरी बाई कोऱ्या चेहऱ्यानं बघत होती. तिला ऐकू जात होता तो नुसता एका म्हातारीचा आवाज.

पुढचं नाव घेताना तिचा गळा बसला.

तेव्हा मागून, खिडकीपाशी बसलेला तो सावळा माणूस बोलला. वहीतून डोकंही वर न काढता. "खाला, सतरावं नाव पुन्हा सांगा. आवाज गेला तुमचा."

तो नदीपलीकडच्या चाटगावची बोली बोलत होता. सेनुआराच्या बोलीची सख्खी बहीणच म्हणा. म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं कळत होतं. त्याच्या वहीची तीन पानं भरली होती.

दारातल्या अधिकाऱ्यानं टेकलेली पाठ काढली आणि तो सरळ उभा राहिला. आधी त्यानं त्या माणसाकडं पाहिलं, मग सेनुआराकडं, आणि मग तिच्याकडंच बघत राहिला.

सेनुआराला वाटलं, आपण आता मेलो. मेलोच आहोत तर उरलेली तीन नावं कशाला ठेवायची? "मोहिबुल," ती म्हणाली. "आमच्या उक्काठाच्या भावाचा मुलगा. अठरावा अन्सारुल्ला, दिलबाहारचा. आणि एकोणिसावा हारेस. त्याची नाळ माझ्या सासूनं कापली, कारण आई मीच होते."

गोरी बाई त्या वहीवाल्याशी बराच वेळ बोलली. तिचा चेहरा बदलला होता. मग त्याच्याकडूनच तिनं विचारलं, "आम्ही तुमच्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"आज इथं राहा," सेनुआरा म्हणाली.

ते कुणाला अपेक्षित नव्हतं. त्या माणसानं पुन्हा विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे जाऊ नका. तुम्ही समोर आहात तोवर हे लोक नीट उभे आहेत. तुमच्या गाड्या वळल्या की हे येतील. सगळे नाही तर दोघं राहा. एक जण राहा. आमच्याकडं भात आहे, चटई आहे."

गोऱ्या बाईनं ते ऐकलं आणि डोळे मिटले. तो माणूस तिच्यातर्फे बोलला, पण प्रत्येक शब्द त्याला जड जात होता. "खाला, आम्हाला एका तासाचीच परवानगी आहे. तुम्ही सांगितलंत ते आम्ही मोठ्या सभेत मांडू. देशोदेशीचे लोक तिथं बसतात. त्यांना सांगू की हे थांबवा."

"कधी?"

"जितक्या लवकर होईल तितक्या लवकर."

"हे उद्या येतील," सेनुआरा म्हणाली.

त्यानं वही मिटली. गाड्या गेल्या. जायच्या आधी एका पोलिसानं पाचही बायकांना भिंतीला उभं करून मोबाईलवर फोटो काढले. सेनुआराचे दोन काढले, एक समोरून, एक बाजूनं.

घरी आल्यावर तस्मीननं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. "तुम्ही म्हणाला होता नक्की," एवढंच ती म्हणाली, आणि पोट धरून खाली बसली. सेनुआराला वाटत होतं सुनेनं चार शब्द ऐकवावेत, शिव्या द्याव्यात. त्या गप्प बसण्यापेक्षा ते बरं झालं असतं.

दुपार कलायच्या आत फोयाज आला. या वेळी तो आत आला आणि दार लोटून घेतलं.

"काय करून ठेवलंस, बुबू? मला बोलावलंय चौकीवर. तुझं घर दाखवायचंय."

"दाखव."

"दाखवावंच लागेल. मला बायको आहे, पाच पोरं आहेत." त्यानं दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. "पण मी आज सांगतो की ती मावशीकडं गेलीय, सकाळी येईल. सकाळी घेऊन येतो त्यांना. सकाळी म्हणजे ऊन पडल्यावर. कळतंय का तुला?"

"कळतंय."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "मोहिबुलचं नाव घेतलंस."

"घेतलं."

"त्याच्या आईला सांगतो," फोयाज म्हणाला आणि निघून गेला.

त्यांनी फारसं काही घेतलं नाही. तांदळाच्या पिठाच्या सहा भाकरी, थोडी सुकट, एक जुनं लुगडं, ब्लेड आणि दोरा. हातात मोठं गाठोडं दिसलं तर वाटेत कुणीही थांबवेल. दोघी पानमळ्यांच्या आडोशानं निघाल्या, कारण मळ्यांना बांबूच्या तट्ट्या असतात, आतलं माणूस बाहेरून दिसत नाही. नदी तिथून दीड कोसावर. तस्मीन पाय ओढत चालत होती. दर थोड्या वेळानं ती थांबायची, ओठ आवळायची आणि पुन्हा चालायची. सेनुआरानं दोनदा ते पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्या पोटावर हात ठेवला, तर पोट दगडासारखं कडक झालं होतं, कळ आली होती.

"केव्हापासून?"

"शाळेत गाड्या आल्या तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय केलं असतं?"

तिसऱ्या मळ्यात तस्मीनचं पाणी गेलं. पानवेलींच्या दोन ओळींमधल्या ओल्या मातीत सेनुआरानं तिला निजवलं. मळ्याबाहेरून पायवाट जात होती, आणि त्या पायवाटेवरून थोड्याच वेळात बुटांचे आवाज आले. चार-पाच जण असावेत. एकानं काहीतरी चेष्टा केली, बाकीचे हसले. ते मळ्याच्या तोंडाशीच थांबले. विडीचा वास तट्ट्यांतून आत आला.

सेनुआरानं आपलं मनगट सुनेच्या दातांत दिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "आता येईल ते चावून टाक. माझा हात चाव. आवाज काढू नकोस."

तस्मीननं आवाज काढला नाही. तिनं सासूच्या मनगटात दात रुतवले ते रक्त येईपर्यंत. बाळ आलं. मुलगी होती.

अठ्ठावीस वर्षं सेनुआरानं प्रत्येक बाळाच्या रडण्याची वाट पाहिली होती. रडलं नाही तर उलटं धरलं होतं, पाठीवर चापट्या मारल्या होत्या, फुंकर घातली होती. त्या दिवशी तिनं बाळाचं तोंड बोटानं साफ केलं, त्याला छातीशी दाबून धरलं आणि जन्मात पहिल्यांदा मागणं मागितलं की या पोरीनं रडू नये. आणि मागताना तिला स्वतःचीच भीती वाटली. कारण पोर खरंच रडली नाही. हललीही नाही.

बाहेर एक जण खाकरला. दुसऱ्यानं विचारलं, "आत बघू या का?" पहिला म्हणाला, "चिखल आहे. चल."

बूट लांब गेले. सेनुआरानं पोरीला आडवं धरलं, तळपायाला टिचकी मारली, तोंडात हलकी फुंकर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्या फुंकरीला ती इवलीशी छाती वर आली आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघाला. सेनुआरानं नाळ बांधली, कापली आणि तिथंच मातीत बसून राहिली. लुगडं फाडायला तस्मीनलाच उठावं लागलं.

पहाटे एका कोळ्यानं त्यांना नाफ नदीपार नेलं. सेनुआराच्या कानातल्या दोन्ही वाळ्या त्यानं मागितल्या नव्हत्या, तिनंच काढून दिल्या. ऊन पडलं तेव्हा त्या पलीकडच्या काठावर चिखलात बसल्या होत्या, आणि तिला आठवलं की आता फोयाज घर दाखवत असेल.

बांगलादेशातल्या कुतुपालोंगच्या निर्वासित छावणीत त्यांना प्लॅस्टिकच्या कापडाचं एक खोपटं मिळालं. पोरीचं नाव हारेसा ठेवलं. तिथंही सेनुआराला काम लागलं, कारण बायका तिथंही अडत होत्या. मागाहून गावातून एक जण आला, त्यानं सांगितलं की त्या सकाळी घर रिकामं बघून सैनिकांनी जमिलाला नेलं. ती परत आली नाही. ते ऐकल्यापासून सेनुआरा कुणाशी बोलायची बंद झाली. बाळंतपणाला बोलावलं की जायची आणि मुकाट परत यायची.

उन्हाळ्यात शेजारच्या खोपटातला शोबीर नावाचा तरुण काखेत रेडिओ घेऊन, त्यावरची बातमी सांगायला आला. "चाची, तुमचं म्हणणं पोचलं. मोठ्या सभेत वाचलं त्यांनी. केवराफाराचं नाव घेतलं म्हणे."

"मग?"

"मग सगळ्यांनी चिंता व्यक्त केली."

"म्हणजे काय केलं?"

शोबीर अडखळला. "म्हणजे... बोलले. की हे चांगलं नाही."

"बोलायला मीही बोलले," सेनुआरा म्हणाली. "मला गाव सोडावं लागलं. जमिला गेली. त्यांना काय सोडावं लागलं?"

शोबीरनं रेडिओ बंद केला.

ऑगस्टच्या शेवटी नदीपलीकडं धूर दिसायला लागला. एका ठिकाणचा नाही, सगळ्या आभाळाच्या कडेला. तो कित्येक दिवस विझला नाही. मग माणसं यायला लागली, चिखलानं माखलेली, म्हाताऱ्यांना डालीत घालून खांद्यावरून आणलेली, आणि त्या गर्दीत छावणीला जागा पुरेना. एका आठवड्यात सेनुआरानं तेवीस बाळंतपणं केली. केवराफारातलं कुणी भेटतंय का म्हणून ती प्रत्येक घोळक्यात चेहरे शोधायची. नऊ जण भेटले.

पाऊस जरा उघडल्यावर पुन्हा परकी माणसं आली. साक्षी लिहून घ्यायला ताडपत्रीखाली टेबल मांडून बसली. शोबीर सांगायला आला तेव्हा तस्मीन पोरीला पाजत होती. सेनुआरा तिच्याकडं बघत राहिली. तस्मीनची धाकटी बहीण अजून पलीकडंच होती, मौंगडॉ शहराजवळ, आणि सेनुआराचं नाव बाहेर फुटलं तर तिचं काय होईल हे सांगायला नको होतं. भीती तीच होती, तळव्यांचा घामही तोच.

"जाऊ नको म्हणालीस तर जात नाही," ती सुनेला म्हणाली. "या वेळी खरंच नाही जाणार."

तस्मीननं पोरीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली.

"जमिलाचं नाव कोण सांगणार मग?" ती म्हणाली.

टेबलापाशी एक तरुण परका बसला होता. सेनुआरा बसली आणि त्यानं पहिला प्रश्न विचारायच्या आत तिनंच विचारलं, "मी सांगितल्यावर तुम्ही काय करणार? आणि किती दिवसांत?"

इथल्या दुभाष्यानं ते त्याला सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "खोटं सांगू शकत नाही. मी लिहून घेईन. ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढं ठेवीन. पुन्हा पुन्हा ठेवीन."

सेनुआरा उठून जाणार असं शोबीरला वाटलं. ती जागची हलली नाही. थोड्या वेळानं तिनं ओढणीला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. या वेळी एकोणीस नावं नव्हती. छप्पन्न होती, जमिलाचं आणि त्या नऊ जणांनी सांगितलेली धरून. दीड तास लागला. ती सांगत होती तेवढ्यात बाहेर चिखलात बायका येऊन बसायला लागल्या, पदरानं तोंड झाकून, एकमेकींना चिकटून, आणि आत जायची पहिली पाळी कुणाची यावर त्यांची कुजबूज चालली होती, कारण पहिलं जायला कुणीच तयार नव्हतं.